१८० पौंड कोणी दिले? सासूबाईंच्या पणजीचा न उलगडलेला वारसा

पाणंद (मूळ लेख)

नमस्कार. मी लीड्समध्ये राहते. यजमान इथलेच, यॉर्कशरचे. त्यांना स्वतःच्या घराण्याच्या इतिहासात काडीचा रस नाही. सासूबाईंना मात्र तो भरपूर आहे, आणि जुने हस्ताक्षर लावत बसण्याचा नाद मला असल्यामुळे (पुण्यात मोडीचा वर्ग अर्धवट सोडला होता, त्याची ही भरपाई म्हणा) आम्हा दोघींचे या विषयावर चांगले जमते. पुढे जे लिहिते आहे ते त्यांच्या परवानगीने, पण आडनावे गाळून. ज्यांच्याविषयी लिहायचे आहे त्यांचे वंशज अजून त्याच खोऱ्यात राहतात.

सासूबाईंकडे घराण्याचे बायबल आहे. आपल्याकडे पंचांगाच्या किंवा पोथीच्या कोऱ्या पानावर जन्ममृत्यू टिपून ठेवत, तशी त्याच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला चार पिढ्यांची नोंद आहे. त्या नोंदींच्या मधोमध, जन्मही नाही आणि मृत्यूही नाही अशी एकच ओळ आहे : ‘७ मार्च १८७२, गिरणीवरून १८० पौंड पोचले.’ हस्ताक्षर सासूबाईंच्या पणजीचे. घरात पिढ्यान्‌पिढ्या एवढेच सांगत आले, की या पैशांतून हॅलिफॅक्सजवळचे किराणा दुकान घेतले आणि घराणे वर आले. पैसे का मिळाले, ते कोणी सांगत नाही.

आम्हाला आतापर्यंत सापडले ते असे. पणजीचा जन्म १८४७ च्या शेवटच्या तिमाहीत, हॅलिफॅक्स नोंदणी जिल्ह्यात झाला. जन्माच्या दाखल्यात वडिलांच्या रकान्यात नुसती आडवी रेघ आहे. ३० मार्च १८५१ च्या जनगणनेत ती तीन वर्षांची असून आजोबांच्या, म्हणजे आईच्या वडिलांच्या घरी ‘नात’ म्हणून नोंदलेली आहे. आजोबा हातमागावरचे विणकर. आई त्या घरात नाही. १८६१ च्या जनगणनेत ती तेरा वर्षांची आहे आणि त्याच खोऱ्यातल्या एका पिठाच्या गिरणीच्या मालकाकडे ‘नोकर’ म्हणून राहते. १८६९ मध्ये तिचे लग्न झाले. तिथेही वडिलांच्या नावाच्या जागी रेघ.

हा गिरणीवाला जून १८७१ मध्ये वारला. मृत्युपत्रांच्या छापील सूचीत त्याची नोंद मिळाली : वेकफील्डच्या कचेरीत मृत्युपत्र सिद्ध झाले, दोन मुलगे व्यवस्थापक (मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारे) होते, आणि मालमत्ता ‘३,००० पौंडांच्या आत’. बायबलातली ‘गिरणी’ हीच, असे आम्ही धरून चाललो आहोत. सासूबाईंना मनातून वाटते, की हा माणूसच पणजीचा बाप असावा. त्या हे हसत बोलतात, पण विषय सोडत नाहीत. पुढे काय पाहावे?

जुनी_वही

पाणंदताई, प्रथम मृत्युपत्राची प्रत मागवा. छापील सूची म्हणजे नुसते दार आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये १२ जानेवारी १८५८ पासून मृत्युपत्रे सिद्ध करण्याचे काम चर्चच्या न्यायालयांकडून सरकारकडे आले, आणि तेव्हापासूनच्या मृत्युपत्रांची प्रत कोणालाही शुल्क भरून मिळते. नाते सिद्ध करावे लागत नाही. त्याआधीचे असते, तर कोणत्या बिशपच्या कोर्टात पाहायचे इथपासून सुरुवात करावी लागली असती. गिरणीवाला त्यानंतर १३ वर्षांनी वारला, म्हणून तुमचे काम सोपे झाले आहे.

‘३,००० पौंडांच्या आत’ या शब्दांवर मात्र विसंबू नका. तो आकडा मालमत्तेची वरची मर्यादा सांगतो, नेमकी किंमत नव्हे. शिवाय त्या काळी त्यात जमीनजुमला धरत नसत. तो १८९८ पासून धरू लागले. गिरणी त्याच्या मालकीची असेल तर ती या आकड्याच्या बाहेर आहे.

उंबरठा

यात कोडे ते काय? बापाच्या रकान्यात रेघ, मुलगी तेराव्या वर्षी त्याच्या घरात, आणि मरताना तिच्या नावे रक्कम. सासूबाईंचा अंदाज बरोबर आहे. मृत्युपत्राचे पैसे वाचवा.

हिशेबनीस

उंबरठा, थोडे थांबा. मला त्या १८० या आकड्याने अडवले आहे. मृत्युपत्र लिहिणारी माणसे शंभर देतात, दोनशे देतात, पन्नास देतात. १८० देत नाहीत. ही रक्कम काहीतरी कापून घेतल्यानंतर उरलेली दिसते.

त्या काळात तिथे वारशावर कर होता, आणि त्याचा दर रकमेवर नव्हे, तर नात्यावर ठरत असे. १८१५ पासून चाललेले दर मला ठाऊक आहेत ते असे : नवरा किंवा बायको यांना माफ, मुलेनातवंडे यांना १ टक्का, भाऊबहिणी आणि त्यांच्या वंशजांना ३ टक्के, आईवडिलांच्या भावंडांना आणि त्यांच्या वंशजांना ५ टक्के, त्याच्याही पलीकडच्यांना ६ टक्के, आणि ज्यांचे रक्ताचे नाते नाही अशा सर्वांना १० टक्के. आता करून बघा. मूळ रक्कम २०० असेल आणि ती त्याच्या पोटच्या औरस मुलीला मिळाली असती, तर २ पौंड कापून १९८ हाती आले असते. सख्ख्या पुतणीला किंवा भाचीला १९४. दहा टक्के कापले तरच १८० उरतात.

माझी पैज घ्या : मृत्युपत्रात २०० असणार, आणि करवसुली करणाऱ्याने तुमच्या पणजीला परकी ठरवलेले असणार.

उंबरठा

म्हणजे ती त्याची मुलगी नव्हती असे म्हणता?

हिशेबनीस

नाही. ती त्याची मुलगी असल्याचे *कायदा* मानत नव्हता, एवढेच म्हणतो. अनौरस मुलाला कायद्याच्या लेखी बापच नसे, त्यामुळे खऱ्या बापाकडून पैसे आले तरी दर परक्याचाच लागे. म्हणून १८० हा आकडा तुमच्या तर्काला मोडत नाही, पण उचलूनही धरत नाही.

पूल_गेट

विषयाला थोडा फाटा फोडतो, क्षमस्व. आमच्या आईच्या बाजूला एक इंग्रज पूर्वज होता. तो रेल्वेत गार्ड होता आणि पुण्याच्या कॅम्पात राहिला, असे ऐकत आलो आहे. इंग्लंडमधल्या नोंदींत तो कुठेच सापडत नाही. त्याचे लग्न आणि मुलांचे बाप्तिस्मे कुठे शोधावेत?

जुनी_वही

तुमच्या बाबतीत इंग्लंडची जन्ममृत्यू नोंदणी उपयोगाची नाही. मुंबई इलाख्यातले पाद्री बाप्तिस्मे, लग्ने आणि दफने यांच्या प्रती नियमाने लंडनला पाठवत. इंडिया ऑफिसच्या त्या वह्या आता ब्रिटिश लायब्ररीत आहेत. बंगालच्या वह्यांचा क्रम एन/१, मद्रासच्या एन/२ आणि मुंबईच्या एन/३. तुम्हाला एन/३ हवी. लग्नाच्या नोंदीत वराच्या वडिलांचे नाव बहुधा मिळते, आणि तेच इंग्लंडकडे परत जाण्याचे टोक ठरते. यावर वेगळा धागा काढलात तर तिथे सविस्तर लिहीन.

सहज_म्हणून

मला अलीकडेच एक ईमेल आला. माझ्या आडनावाचा कोणी इंग्लंडमध्ये बेवारस मेला असून त्याची कोट्यवधींची रक्कम पडून आहे, आणि मी वारस म्हणून उभे राहावे, असे त्यात होते. पाणंदताईंचे वाचून विचारतो : असे पैसे खरोखर पडून असतात का?

कोर्टाची_पायरी

असतात, पण ते असे ईमेल पाठवून बोलावत नाहीत. इंग्लंडमध्ये मृत्युपत्र न करता आणि वारस न ठेवता कोणी वारले, की मालमत्ता राजसत्तेकडे जाते. त्या मालमत्तांची यादी तिथला सरकारी विधी विभाग २०२५ पर्यंत उघडपणे प्रसिद्ध करत असे, आणि नाते सिद्ध करणाऱ्याला साधारणतः १२ वर्षांपर्यंत दावा करता येतो. लँकेस्टर आणि कॉर्नवॉल या दोन डचींच्या (राजघराण्याच्या जुन्या जहागिरींच्या) हद्दीतले लोक वेगळ्या हिशेबात धरतात. दावा *रक्ताच्या नात्याने* सिद्ध करायचा असतो. आडनाव जुळणे याला काही अर्थ नाही. आगाऊ ‘प्रक्रिया शुल्क’ मागितले, की ईमेल पुसून टाका.

आडनावाच्या जोरावर गडगंज संपत्ती मिळण्याचे स्वप्न फार जुने आहे. सफोक परगण्यातला विल्यम जेनन्स १७९८ मध्ये वारला. अविवाहित, अतिशय श्रीमंत, आणि मृत्युपत्र लिहिलेले पण सही न केलेले. सही करायला गेला तेव्हा चष्मा विसरला होता, अशी कथा सांगतात. त्यावरचे दावे शंभराहून अधिक वर्षे चालले आणि अमेरिकेतूनसुद्धा जेनिंग्ज आडनावाचे लोक वर्गणी काढून वकील लावत राहिले. पैसे वकिलांना मिळाले.

पाणंदताई, तुमचे मृत्युपत्र आले की त्यातली शब्दरचना जशीच्या तशी द्या. रकमेपेक्षा मला शब्दांत रस आहे.

पाणंद

मृत्युपत्र आले. हिशेबनीस, पैज जिंकलात : २०० पौंड.

मृत्युपत्र फेब्रुवारी १८७० चे, म्हणजे पणजीच्या लग्नानंतरचे आहे. अक्षर कारकुनी, एका लयीत झुकलेले; विरामचिन्हांचा पत्ता नाही, त्यामुळे एकेक वाक्य पान-पान चालते. गिरणी, चाकांसह आणि पाण्याच्या हक्कासह, दोन मुलग्यांना समान. मुलगी नाही. चॅपलला १० पौंड. आणि मग आपला मजकूर, जमेल तसा मराठीत देते : ‘पूर्वी माझ्या घरी राहणारी, आता अमुकची पत्नी असलेली, दिवंगत अविवाहिता अमुक हिची मुलगी अमुक, हिला दोनशे पौंड, तसेच माझ्या दिवंगत पत्नीचे सहा चांदीचे चहाचे चमचे, हे सर्व तिच्या एकटीच्या आणि स्वतंत्र उपभोगासाठी, तिच्या सध्याच्या किंवा पुढील कोणत्याही पतीच्या अधिकारापासून मुक्त, आणि तिची एकटीची पावती माझ्या व्यवस्थापकांना पुरेशी मानावी.’

‘माझी मुलगी’ नाही, ‘माझी नोकर’ही नाही. सासूबाईंनी ते वाक्य तीनदा वाचायला लावले. चमचे त्यांनी घरभर शोधले. ते काही आमच्याकडे नाहीत.

कोर्टाची_पायरी

ही शब्दरचना फार बोलकी आहे. १८७० च्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये विवाहित स्त्रीला मिळालेली रोख रक्कम कायद्याने नवऱ्याची होई. ती तिच्याकडेच राहावी असे वाटत असेल, तर मृत्युपत्रात ‘स्वतंत्र उपभोगासाठी’ हे शब्द घालावे लागत आणि पावतीवर नवऱ्याची सही लागणार नाही हेही स्पष्ट करावे लागे. ऑगस्ट १८७० मध्ये विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा पहिला कायदा आला. त्यात मृत्युपत्राने मिळालेली २०० पौंडांपर्यंतची रक्कम स्त्रीची स्वतःची मानली गेली, पण ती सवलत कायद्यानंतर लग्न झालेल्या स्त्रियांनाच होती. तुमच्या पणजीचे लग्न १८६९ चे. त्यामुळे तिचे दुकान कायद्याने नव्हे, तर गिरणीवाल्याच्या त्या दोन ओळींनी तिचे झाले. सर्व विवाहित स्त्रियांना पूर्ण हक्क मिळायला १ जानेवारी १८८३ उजाडला.

‘अमुक हिची मुलगी’ असे आईचे नाव घालून ओळख देणे हेही सहज झालेले नाही. मृत्युपत्रात नुसते ‘माझी मुले’ किंवा ‘माझ्या भाच्या’ असे लिहिले, तर न्यायालय त्यात अनौरसांना धरत नसे. ही स्थिती १९६९ च्या कायद्यापर्यंत टिकली. ज्याला अनौरस व्यक्तीला खात्रीने द्यायचे असे, तो नावानिशी आणि आईच्या नावानिशी देई. लिहून देणारा वकील जाणता होता.

आणि चमच्यांचे मला नवल वाटते. बायकोचे चांदीचे चमचे सुनांना न देता या मुलीला का? आपल्याकडे स्त्रीधन कोणाकडे जाते, ते जरा आठवून बघा.

उंबरठा

चमचे दिले कारण ती ते घासत होती! तेरा वर्षांची असल्यापासून.

पाणंद

मागच्या आठवड्यात लंडनला काम निघाले, म्हणून तिथल्या क्यू (Kew) भागातल्या राष्ट्रीय अभिलेखागारात जाऊन वारसा-कराची वहीच पाहून आले. तिथल्या आयआर २६ या मालिकेत १७९६ ते १९०३ पर्यंतच्या वह्या आहेत. आधी सूचीतून पान क्रमांक काढावा लागतो आणि वही आधी मागवून ठेवावी लागते, हे इतरांच्या माहितीसाठी.

वही म्हणजे दोन हातांनीही नीट न उचलणारे धूड. फेसाच्या उशीवर ठेवून वाचायची. एका मृत माणसाला एक पान, आणि त्या पानात अक्षरे इतकी दाटीने कोंबलेली, की वाण्याच्या उधारीच्या वहीची आठवण झाली. डावीकडे मृत्युपत्राचा सारांश, मग कोणाला काय, मग एक अरुंद रकाना नात्याचा, मग दर, मग कराची रक्कम, मग भरल्याची तारीख. दोन्ही मुलग्यांसमोर ‘मुलगा’ आणि १. आमच्या पणजीसमोर अरुंद रकान्यात आखूड केलेले तीन इंग्रजी शब्द, मराठीत सांगायचे तर : रक्ताने परकी. दर १०. कर २० पौंड. भरल्याची तारीख फेब्रुवारी १८७२, म्हणजे बायबलातल्या ओळीच्या दोन आठवडे आधी.

चमच्यांचीही किंमत धरून त्यावर कर लावला आहे. चमच्यांवरसुद्धा!

उंबरठा

झाले तर. परकी नोकर नाही, परकी मुलगी. कागदावर सिद्ध झाले.

हिशेबनीस

उंबरठा, तुम्ही वहीला जे विचारलेलेच नाही त्याचे उत्तर तिच्या तोंडी घालता आहात. ‘रक्ताने परकी’ या एका शेऱ्यात किती माणसे मावतात पाहा : नोकर, मित्र, शेजारी, स्वतःचे अनौरस मूल, बहिणीचे अनौरस मूल, आणि बायकोच्या माहेरचे झाडून सगळे. बायकोची सख्खी भाची झाली तरी नवऱ्याच्या दृष्टीने ती रक्ताची नव्हे; कर दहा टक्केच. कोर्टाची_पायरी यांनी चमच्यांचा मुद्दा काढला तेव्हापासून माझे लक्ष या शेवटच्या गटावर आहे. त्या बायकोचे माहेर कोणते, हे अजून कोणीच विचारलेले नाही.

जुनी_वही

हे तपासायला एक पैसाही लागणार नाही. नोंदणी कार्यालयाची स्वतःची ऑनलाइन सूची उघडा. जुन्या छापील सूचीत बाळाच्या आईचे माहेरचे आडनाव १९११ च्या सप्टेंबर तिमाहीपासूनच मिळते, पण या नव्या सूचीत ते थेट १८३७ पासून दिले आहे. गिरणीवाल्याच्या दोन मुलग्यांचे जन्म त्यात शोधा आणि त्यांच्या आईच्या रकान्यात काय आहे ते सांगा.

एक सावधगिरी. त्या खोऱ्यात आडनावे मोजकी आणि घरे पुष्कळ. आडनाव जुळले म्हणून माहेर जुळले असे होत नाही. जुळले तर त्याच्या लग्नाचा दाखला मागवा. त्यात वधूच्या वडिलांचे नाव आणि धंदा दोन्ही असतात. बाप्तिस्म्याच्या भरवशावर राहू नका. मृत्युपत्रात ‘चॅपल’ म्हटले आहे, चर्च नव्हे; म्हणजे घराणे बहुधा अधिकृत चर्चबाहेरच्या पंथातले. ते बॅप्टिस्ट पंथाचे असतील तर तान्ह्या मुलांचा बाप्तिस्मा करतच नाहीत.

पाणंद

रात्री साडेअकराला हे लिहिते आहे, कारण सकाळपर्यंत थांबवत नाही.

दोन्ही मुलग्यांच्या आईचे माहेरचे आडनाव आणि आमच्या पणजीचे जन्माचे आडनाव एकच आहे.

पणजीला आडनाव आईकडून मिळालेले, म्हणजे ते तिच्या आजोबांचे, विणकराचे. सहा महिने हे आडनाव मी रोज लिहिते आहे, आणि गिरणीवाल्याची बायको कोण हे एकदाही पाहिले नाही. लग्न झाले की बाई कागदात दुसऱ्याच नावाने वावरते, हे मी तरी विसरायला नको होते. दाखला मागवला आहे.

पाणंद

दाखला आला. लग्न १८४२ चे. वधूचे वडील : तेच नाव, हातमागाचे विणकर. राहण्याचे ठिकाण तीच वाडी, जिथे १८५१ मध्ये पणजी आजोबांच्या घरी आहे. जोडीला ६ जून १८४१ च्या जनगणनेत ते घर पुन्हा काढले. तिथे विणकर, त्याची बायको, आणि दोन मुली : एक २० वर्षांची, एक १५ वर्षांची. (१८४१ मध्ये पंधराच्या वरची वये पाचाच्या पटीत खाली ओढून लिहिण्याचा नियम होता आणि नातीही लिहीत नसत, त्यामुळे २० म्हणजे २० ते २४, असे वाचायचे.) धाकटीचे नाव तेच, जे मृत्युपत्रात ‘दिवंगत अविवाहिता’ म्हणून आले आहे.

दाखल्यावर साक्षीदार म्हणून धाकट्या बहिणीचे नाव आहे, आणि नावापुढे फुली. तिला सही येत नव्हती. थोरलीचीही फुलीच. वराने मात्र सही केली आहे, मोठी आणि फाटे फोडलेली.

तर पणजी ही गिरणीवाल्याच्या बायकोची भाची. ती ‘नोकर’ होती ते आपल्या मावशीच्या घरी.

कोर्टाची_पायरी

आणि चमचे मावशीचे. मला बरे वाटले.

उंबरठा

मी हट्टी ठरलो तरी चालेल, पण एक गोष्ट विचारतो. भाची सिद्ध झाली, मान्य. पण त्याने मेहुणीशी संबंध ठेवला नसेल हे कशावरून? बायकोची धाकटी बहीण, जवळच राहणारी, आणि त्यानंतर बापाच्या रकान्यात रेघ. हा तर्क अजून उभा आहे. डीएनए चाचणी करून टाका.

जुनी_वही

तर्क उभा आहे हे खरे, आणि तुम्ही तो विचारलात हे बरेच झाले. पण चाचणी करण्याआधी ती काय सांगू शकेल हे ठरवावे लागते. समजा, सासूबाईंचे रक्त गिरणीवाल्याच्या आजच्या वंशजांशी थोडेसे जुळले. त्यातून काय कळेल? ते वंशज गिरणीवाल्याचेही आहेत आणि त्याच्या बायकोचेही. बायको पणजीची मावशी असल्यामुळे जुळणी तशीही होऊ शकते. पणजी त्याची मुलगी नसली तरी होईल आणि असली तरी होईल. या दोन शक्यता वेगळ्या करायच्या, तर गिरणीवाल्याच्या *स्वतःच्या* भावाचे किंवा बहिणीचे वंशज शोधावे लागतील, ज्यांच्यात त्या विणकराचे रक्त नाही. त्यांच्याशी जुळले तर उंबरठा यांचा तर्क वजनदार होतो. नाही जुळले तर मात्र तो पडत नाही, कारण इतक्या दूरच्या नात्यात खऱ्या नातलगांचेही डीएनए न जुळणे नेहमीचे आहे.

मुलग्यांना मिळालेली गिरणी आणि या मुलीला मिळालेले २०० यांची तुलना करूनही काही ठरत नाही. मी इतकी मृत्युपत्रे वाचली आहेत, की रकमेवरून प्रेम किंवा अपराध मोजण्याचा मोह मला आता होत नाही.

हिशेबनीस

एक पुरवणी. चाचणी जितक्या जुन्या पिढीची, तितकी उपयोगी, कारण दर पिढीला पूर्वजाचा वाटा साधारण निम्मा होतो. म्हणजे करायचीच तर सासूबाईंची करा, यजमानांची नव्हे. आणि त्यांना आधी विचारा, की उत्तर नकोसे निघाले तर चालेल का.

पाणंद

विचारले. सासूबाई म्हणाल्या, ‘तो बाप निघाला तर मला राग येईल, आणि नाही निघाला तर थोडे वाईट वाटेल, दोन्ही करायला माझ्याकडे वेळ आहे.’ चाचणीची डबी आली आहे. चहाच्या डब्यांशेजारी ठेवली आहे आणि अजून सीलबंद आहे. गिरणीवाल्याचा एक भाऊ रोचडेलला गेल्याचे १८६१ च्या जनगणनेत सापडले. त्याचे पुढचे घराणे आधी लावते आहे, कारण जुनी_वही म्हणतात तसे, त्याशिवाय डबी उघडण्यात अर्थ नाही.

दरम्यान पणजीच्या आईचा मृत्यूचा दाखला मिळाला. वय २५, अविवाहित, माग चालवणारी, कारण क्षय. मृत्यूची खबर देणारी बाई तिची थोरली बहीण, म्हणजे गिरणीवाल्याची बायको. सहीच्या जागी फुली, पत्ता गिरणीचा, आणि खाली नेहमीचे छापील नमुन्यातले शब्द : ‘मृत्युसमयी हजर’. मृत्यूचे ठिकाणही गिरणीचेच घर आहे. म्हणजे १८५१ मध्ये मुलगी आजोबांकडे दिसते, पण आई शेवटी बहिणीकडे आली होती. मुलगी तेव्हा तिच्याबरोबर होती का, ते कुठेच लिहिलेले नाही.

हा दाखला मला दोन महिने सापडत नव्हता, त्याचे कारण इथे लिहून ठेवते, म्हणजे दुसऱ्या कोणाचे दोन महिने वाचतील. मृत्यू २९ डिसेंबर १८४९ चा. मी १८४९ ची डिसेंबर तिमाही तीनदा चाळली. पण सूची मृत्यूच्या तारखेने नाही, तर नोंद केल्याच्या तारखेने लावलेली असते. बहिणीने नोंद केली २ जानेवारीला, त्यामुळे ती बसली आहे १८५० च्या मार्च तिमाहीत.